चंद्याचं माळवद

जिल्ह्यातल्या शाळांवर मातीचं माळवद टाकायचं की पत्रा, हे माकणीची नवी शाळा डोळ्यांनी बघून ठरवायला अव्वल तालुकदार साहेब सोमवारी येणार, असा सांगावा चावडीवर आला. तेव्हा बंडप्पा गुत्तेदारानं मनातल्या मनात बोटं मोजली आणि शुक्रवार धरला.

यात त्याचा दोष नव्हता. तीस वर्षं तो घरं बांधायची कामं गुत्त्यानं घेत होता आणि गुत्तेदाराच्या तोंडच्या वाराचा अर्थ सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होता. 'सोमवारी येतो' म्हणजे शुक्रवार. 'उद्या' म्हणजे हा आठवडा. 'हा काय, आत्ता आलोच' असं तो म्हणाला, की घरधनी हातपाय धुऊन जेवायला बसत. आता साधा गुत्तेदार चार दिवस उशीर करतो, तर निजाम सरकारचा जिल्ह्यातला पहिला माणूस किती करील!

"अवो, साहेब लोक हाताला घड्याळ बांधत्यात," रुद्रम्मा, त्याची बायको, चुलीपुढून म्हणाली.

"घड्याळ आपल्याबी घरात हाय."

"ते दोन सालापास्नं सव्वाचारच दावतंय."

बंडप्पानं घड्याळाकडं पाठ केली. त्याच्या डोक्यावर त्या दिवसांत फार मोठा भार होता. सगळ्या जिल्ह्याचं माळवद होतं.

झालं होतं असं, की जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी शाळांवर पत्रा घालायचा विचार उस्मानाबादेच्या कचेरीत शिजत होता. पत्रा सोलापुराकडून गाड्या भरून यायचा, करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरायचा, आणि चार माणसांनी दोन दिवसांत ठोकला की काम संपायचं. त्याला ना गवंडी लागत, ना पांढरी माती, ना ती माती चोपणाऱ्या बायका. आज शाळा गेली, उद्या चावडी जाईल, परवा लोकांची घरं. मग माळवदाच्या गुत्तेदारांनी काय करायचं? म्हणून भूमपासून माकणीपर्यंतचे चौदा गुत्तेदार बंडप्पाच्या अंगणात जमले. जन्मात पहिल्यांदा ते एकमेकांचं काम न पळवता एका घोंगडीवर बसले. कचेरीपुढच्या लिंबाखाली अर्ज लिहिणारा सादिक मुन्शी तिथं दौत-कलम घेऊन आला होता. त्यानं या जमावाला नाव दिलं, अंजुमन-ए-माळवद.

नाव ऐकून सगळ्यांची छाती दोन-दोन बोटं फुगली.

ठरलं ते असं. माकणीच्या शाळेच्या भिंती उभ्या होत्याच. तिच्यावर अंजुमननं चंदा गोळा करून, सरकारकडून काही न घेता, नमुन्याचं माळवद घालून द्यायचं. चैत्राच्या उन्हात साहेबाला त्याच्याखाली बसवायचं, थंडगार सावलीत 'माळवदच ठेवा' अशी दरखास्त वाचून दाखवायची आणि वर गोडाधोडाचं खाऊ घालायचं.

"चंदा रोख नको," बंडप्पा म्हणाला. "माल द्या. पंचाक्षरी, तुमी तुळया द्या."

पंचाक्षरी गुत्तेदार अंगानं तुळयांवर आडव्या टाकायच्या किलचेसारखा बारीक आणि बोलण्यात तुळईसारखा जड. तो म्हणाला, "देतो की. पर दरखास्तीत माझं नाव पयलं पायजे."

"मग माझं?" भूमचा वीरप्पा उठला. "किलचा मी देणार. तुळईवर किलच बसती. म्हंजी नाव बी वर माझंच."

शेवटी दरखास्त नंतर लिहावी, आधी देणाऱ्यांची नावं लिहावीत, असा तोडगा निघाला. सादिकनं पावणेदोन पानं नावं लिहिली आणि उरलेल्या पाव पानात मागणं बसवलं.

मालही आला. प्रत्येकानं मनाशी एकच विचार केला होता. तेरा जणांचा चांगला माल येणारच आहे, त्यात आपला थोडा अधू माल कुठं दिसतोय! हा विचार चौदाही जणांना एकाच वेळी सुचला, हे कुणालाच सुचलं नाही.

बंडप्पानं स्वतःच्या नावापुढं गुळाची ढेप लिहायला सांगितली होती. साहेबाच्या शिऱ्याचा गूळ. ती ढेप त्यानं दिलीही. फक्त ती आली ती इरम्माच्या टोळीकडून.

इरम्मा म्हणजे माती चोपणाऱ्या नऊ बायकांची पुढारीण. वयानं साठीची. बंडप्पाला उघड्यानं अंगणात खेळताना तिनं पाहिलेलं, त्यामुळं तो तिला आक्का म्हणे आणि तिच्यापुढं जरा हळू बोले. पांढरीच्या टेकाडावरून माती खणून आणायची, माळवदावर पसरायची, पाणी शिंपून लाकडी चोपण्यांनी ती घडीव दगडासारखी होईतो चोपायची, हे काम या नऊजणींचं. मजुरीशिवाय दुपारी प्रत्येकीला गुळाचा खडा आणि मूठभर फुटाणे, ही जुनी रीत होती. बंडप्पा तिला म्हणाला होता, "आक्का, अंजुमनात तुमचाबी वाटा पायजे की. माळवद ऱ्हायलं तर तुमचं पोट ऱ्हाईल. थोडे दिस गूळ सोडा."

"सोडला," इरम्मा म्हणाली. "पर नाव लिवा आमचं."

"लिवतो की."

"कवा?"

"उद्या."

---

सोमवारी सकाळी नऊ वाजता शाळेपुढं मोटार थांबली.

बंडप्पा त्या वेळी शिडीच्या चौथ्या पायरीवर होता. आदल्या दिवशी माती पसरली होती. सोमवारी चोपायची, मंगळवारी सारवायची, बुधवारी जिथं काही दिसू नये तिथं आंब्याची तोरणं बांधायची, गुरुवारी एका तुळईखाली गुपचूप टेकू द्यायचा, आणि शुक्रवारी साहेब. असा सगळा बेत होता. मोटारीतून पांढऱ्या शेरवानीतले अव्वल तालुकदार साहेब छडी टेकत उतरले, तेव्हा त्याच्या पायाखालची पायरी होती तिथंच राहिली, पण पाय तिच्यावर राहिना.

"हुजूर… आज?"

साहेबांनी हाताच्या घड्याळाकडं पाहिलं. "पीर का दिन है ना आज?"

"व्हय हुजूर. सोमवारच हाय," बंडप्पा म्हणाला. जणू सोमवारनंच त्याला दगा दिला होता.

वर नऊ चोपण्या पडत होत्या, धप्प, धप्प, धप्प, आणि नऊ गळे त्या तालावर गात होते.

चोपणीच्या गाण्याचीही रीत होती. पहिली ओवी देवाची, दुसरी घराची, तिसरीपासून गुत्तेदाराची. काम करताना जे घडलं ते सगळं गाण्यात यायचं, आणि गुत्तेदारानं राग धरायचा नाही. राग धरला तर माळवद गळतं, असं बायका सांगत. हे बायकांनीच ठरवलेलं असणार. पण आजवर एकाही गुत्तेदारानं ते तपासून पाहायची हिंमत केली नव्हती.

बंडप्पा उरलेल्या पायऱ्या दोन उड्यांत चढला. "आक्का, थांबा! साहेब आलं!"

"थांबते की," इरम्मा चोपणी न थांबवता म्हणाली. "ओली माती हाय, चैताचं ऊन हाय. दोन घटकांत भेगा पडतील. मग साहेबाला भेगाच दाव."

"मग चोपा. पर गाऊ नगा."

"बिनगाण्याचं? अन् नऊ हात एक कसं व्हायचं रं?"

"व्हत्यात, व्हत्यात. हळूच चोपा."

बायका गप्प झाल्या. लगेच चोपण्याही बिथरल्या. एक पडली, एक अडली, एक दुसरीवर आपटली. खाली खुर्चीत टेकलेल्या साहेबांच्या काळ्या टोपीवर मातीची बारीक भुकटी पडली. मग एक चोपणी टोळीतल्या जैनबबीच्या अंगठ्यावर आली आणि ती "या अल्ला!" म्हणून अशी ओरडली, की साहेब उठून उभे राहिले.

"ऊपर कोई गिर गया क्या?"

"न्हाय हुजूर," बंडप्पा शिडीवरून ओरडला. "दुवा मागत्यात!" आणि वळून हात जोडून म्हणाला, "गा, आक्का, गा. पर चांगलं गा."

"वाईट कवा गातो आमी?" इरम्मा म्हणाली आणि तिनं सूर धरला.

*चोपणीच्या तालावरी, डुलं माझा महादेव,*
*थंडगार सावलीत, लेकराबाळांस्नी ठेव.*

उजेडासाठी माळवदाच्या मधोमध चौकोनी झरोका ठेवलेला होता. त्यातून उन्हाचा एक कवडसा आणि गाणं, दोन्ही बरोबरच खाली उतरलं. साहेबांनी टोपी झटकली, पाठ टेकली. मोटारीत भाजून आलेला त्यांचा चेहरा हळूहळू निवळला. बाहेर पाखरू चोच उघडी टाकून बसलं होतं आणि आत भिंतींनाही झोप येईल असा गारवा होता.

"बहुत ठंडक है," साहेब म्हणाले.

बंडप्पाचा जीव भांड्यात पडला. तोवर निरोप पोचलेले आणखी चार-सहा गुत्तेदार धावत आले, धोतर सावरत भिंतीला लागून उभे राहिले. रुद्रम्मा पितळी ताटलीत गुळाचा शिरा घेऊन आली. तिनं सोमवार हा सोमवारच धरला होता.

"सुरू कर, मुन्शी," बंडप्पा कुजबुजला.

सादिकनं घसा साफ केला आणि दरखास्त उघडली. "अंजुमन-ए-माळवद की जानिब से… चंदा देणाऱ्यांची नावं. तुळया, पंचाक्षरी गुत्तेदार."

पंचाक्षरीनं मान ताठ केली. वरून गाणं आलं.

*पंचाक्षरी दादानं, दान दिली गं तुळई,*
*आत वाळवीचं माहेर, पिलावळ हाय लई.*

पंचाक्षरीची मान होती तिथं परत गेली. साहेबांनी भुवया उंचावल्या. त्यांना मराठी फारसं कळत नसे. "औरतें क्या कहती हैं?"

सादिकनं पापणीही हलवली नाही. "हुजूर की तारीफ है. कहती हैं, तुळई चंदन की है."

वरचा ताल थांबला नाही, पण झरोक्यातून एक डोकं उलटं लोंबकळत खाली आलं. जैनबबीचं.

"साब! ये मेरी बहन का बेटा है, लहानपन से झूट बोलता! चंदन कां का आया? अंदर दीमक है, दीमक!"

"खाला!" सादिक कळवळला.

"क्या खाला? मेरा अंगठा गया, तेरी तारीफ चलरी!"

डोकं वर गेलं. साहेबांनी डोक्यावरच्या तुळईकडं पाहिलं. छडी उचलून हलकेच टोचली. छडी वीतभर आत गेली. बाहेर काढली तेव्हा पिठासारखा भुसा ताटलीच्या बाजूला पडला.

"कुर्सी उधर," साहेब शांतपणे म्हणाले.

खुर्ची उजव्या भिंतीकडं गेली. सादिकनं पुढचं नाव वाचलं. आवाज आता दरखास्तीपेक्षा मयतावर फातिहा पढल्यासारखा येत होता. "किलचा, वीरप्पा गुत्तेदार, भूम."

*भूमच्या वीरप्पाचा, हात मोठा गं दिलदार,*
*ओल्या बाभळीच्या किलचा, त्यास्नी फुटली पानं चार.*

या वेळी तर्जुमा, म्हणजे भाषांतर, लागलंच नाही. सगळ्यांनी वर पाहिलं. साहेबांच्या टोपीच्या बरोबर वर एक कोवळा, पोपटी कोंब वाऱ्यानं लवत होता. त्याला चारच पानं होती. इरम्माची टोळी खोटं गात नव्हती.

"कुर्सी इधर."

खुर्ची डावीकडं आली. मग तिसऱ्या गुत्तेदाराच्या दगडावर ओवी झाली, तेव्हा कोपऱ्यात गेली. चौथ्याच्या चुन्यावर झाली, तेव्हा कोपऱ्यातून निघाली. साहेबांचा पट्टेवाला खुर्ची उचलून ओवीच्या तोंडाकडं बघत उभाच राहिला. शेवटी ती खोलीच्या मधोमध, बरोबर झरोक्याखाली टेकली. तिथं वर नुसतं आभाळ होतं. त्याचा गुत्ता कुणाकडे नव्हता.

साहेबांनी कपाळ पुसलं, ताटली हातात घेतली आणि शिऱ्याचा पहिला घास तोंडाजवळ नेला.

"गूळ," सादिक अगदी हळू म्हणाला. "बंडप्पा गुत्तेदार."

बंडप्पानं डोळे मिटले. वर क्षणभर नुसत्या चोपण्या वाजल्या. मग इरम्मानं गाणं जैनबबीकडं दिलं, म्हणजे मध्ये भाच्याचं काम उरू नये. ती ज्या बोलीत भांडायची त्याच बोलीत गायली.

*मीठा मीठा शीरा साब, मीठा उसका नाम,*
*गूड हमारा खाया सबने, बंडप्पा कू सलाम!*

घास तोंडाजवळच थांबला. साहेबांनी वर पाहिलं. झरोक्याच्या कडेला नऊ तोंडं गोल करून बसली होती. उन्हानं काळवंडलेली, पांढऱ्या मातीनं माखलेली, आणि नऊच्या नऊ डोळे लावून त्या शिऱ्याकडं बघत होती.

"किती दिवस?" साहेबांनी मराठीत विचारलं. तेवढे दोन शब्द त्यांना येत होते.

"अकरा," इरम्मा म्हणाली.

साहेब उठले. खुर्चीवर उभे राहिले. जिल्ह्याच्या अव्वल तालुकदारांनी दोन्ही हातांनी ताटली झरोक्यातून वर दिली आणि ती वर कुणीतरी अलगद घेतली.

आता सगळं संपलं, हे बंडप्पाला कळलं. पत्रा येणार. तो पुढं आला. दरखास्तीत लिहिलेलं उर्दू त्याला आठवेना, म्हणून त्यानं आपलंच बोलणं काढलं.

"हुजूर, माळवद वाईट न्हाय. आमी वाईट हाय. म्या तीस साल लोकांच्या डोक्यावर सावली घातली, अन् एवढ्या एकाच कामात लबाडी केली, कारण ते फुकट होतं. पत्रा घालायचा तर घाला. पर… ह्या बायांनी पत्र्यावर काय चोपायचं?"

सादिकनं याचा तर्जुमा केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एकही शब्द बदलला नसावा, कारण वरून खाला ऐकत होती.

साहेब खुर्चीवरून खाली उतरले. छडीनं जमिनीवर चोपणीचा ताल धरून बसले. मग त्यांनी विचारलं, "पत्रा कौन चढाता है, कैसा चढाता है, उसका गाना कोई गाता है?"

गुत्तेदारांनी एकमेकांकडं पाहिलं. "न्हाय हुजूर. पत्रा ठोकणारी माणसं मुकाट ठोकून जात्यात."

"हां," साहेब म्हणाले. "लिखो."

साहेबांबरोबर आलेल्या कारकुनानं, पेशकारानं, कागद काढला. हुकूम लिहून झाला तेव्हा सादिकनं तो सगळ्यांना मराठीत सांगितला. जिल्ह्यातल्या सरकारी शाळांवर पत्र्याऐवजी माळवदच घालावं. माकणीच्या शाळेचं माळवद उतरवून, चांगलं लाकूड लावून, गुत्तेदारांनी पदरमोड करून पुन्हा घालावं.

एवढं ऐकून जमलेल्या गुत्तेदारांनी जो श्वास सोडला त्यानं वीरप्पाच्या कोंबाची चारी पानं हलली.

"अजून हाय," सादिक म्हणाला. "यापुढं कुठलंही सरकारी माळवद पास करण्यापूर्वी सरकारी माणसानं खाली बसून चोपणीचं गाणं पुरं ऐकावं. बायका गातील ते लिहून घ्यावं, आणि त्यावर चोपणाऱ्या टोळीच्या पुढारणीचा अंगठा घ्यावा. तो नसेल तर काम नापास."

श्वास परत आत गेला.

---

भूमच्या शाळेचं काम लगेच वैशाखात निघालं आणि ते बंडप्पाच्या गुत्त्यात आलं. पेशकार चटईवर दौत घेऊन सकाळपासून बसला होता. बंडप्पा शिडीपाशी उभा होता, हातात गुळाची ढेप, खांद्यावर फुटाण्यांची पिशवी. गेल्या महिन्यात त्याची चाल बदलली होती. पूर्वी तो बायका कामाला लागल्या की निघून जायचा. आता दुपारी पहिला खडा तोच फोडून द्यायचा आणि "गोड हाय का?" असं विचारून उत्तराकडं कान लावायचा.

माती चढवायच्या आधी इरम्मा एकटीच आत आली. एका हातात चोपणी होती. ती भिंतीच्या कडेकडेनं फिरली आणि प्रत्येक तुळईला चोपणी वर करून टोला देत गेली. टक्. टक्. टक्. कोपऱ्यातल्या तुळईपाशी आवाज आला, ठप्प.

ती थांबली. पुन्हा टोला दिला. ठप्प.

पेशकारानं कलम दौतीत बुडवलं.

"बंडप्पा," इरम्मा लाडानं म्हणाली, "गूळ लई गोड हाय बाबा. पर ही तुळई कुणी दिली रं?"

बंडप्पानं भिंतीकडं पाहिलं. तिथं पंचाक्षरी उभा होता आणि माळवदावर कावळे किती आहेत हे मोजत होता. माळवद अजून झालं नव्हतं.

"बदलतो, आक्का."

"कवा?"

तीस वर्षांच्या सवयीनं बंडप्पाचं तोंड उघडलं. जीभ टाळूला लागली, तो जुना, ओळखीचा शब्द ओठांपर्यंत आला. वर किलचांवर आठ बायका चोपण्या मांडीवर घेऊन ऐकत बसल्या होत्या. जैनबबी हळूच कसली तरी चाल गुणगुणत होती.

"आज," बंडप्पा म्हणाला.

आणि हे आपणच बोललो याची खात्री पटायच्या आत, गुळाची ढेप पेशकाराच्या मांडीवर ठेवून, गावातल्या सुताराच्या घराकडं पळत सुटला.